फक्त शिक्षा झालेल्यांसाठी

"गुन्हा कबूल आहे?"

न्यायाधीशांनी समोरच्या कागदाकडे बघतच विचारलं. स्टेनोने 'नाही' हा शब्द आधीच टाइप करून ठेवला होता. सगळे आरोपी तेच सांगतात.

"कबूल आहे, साहेब," हर्षल म्हणाला.

न्यायाधीशांनी मान वर केली. सरकारने दिलेल्या वकील संध्या मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पाच मिनिटं मागून घेऊन त्यांनी त्याला दाराजवळ नेलं. बरोबरचा पोलीस ऐकत होता, तरी त्यांना धीर निघाला नाही.

"डोकं फिरलंय का तुझं? केसमध्ये काही दम नाही. टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात तुझी पिकअप दिसते, तू दिसत नाहीस. व्यापाऱ्याने तुला ओळखलेलंही नाही."

सगळं खरं होतं. चार वर्षांपूर्वी हर्षलने आपली टोमॅटो वाहायची पिकअप एका दिवसासाठी समाधान नावाच्या ओळखीच्या माणसाला दिली. त्याच दिवशी ओझरजवळ एका कांदा व्यापाऱ्याला अडवून लुटलं गेलं. समाधान फरार झाला, म्हणून पोलिसांनी गाडीचा मालक उचलला. हाही पळून जाईल, असं म्हणून जामीन दोनदा फेटाळला गेला. खटला आज कुठे सुरू होत होता.

"दीड वर्ष कळ काढ. निर्दोष सुटशील."

"दीड वर्षाने निकिता नऊची होईल, मॅडम. नऊ वर्षांची पोरगी बापाच्या मांडीवर बसते का?"



अटक झाली तेव्हा निकिता साडेतीन वर्षांची होती. आईबरोबर तुरुंगात मुलाखतीला यायची, काचेपलीकडे बसून फोनवर बोलायची. पडलेला दात दाखवायला तोंड काचेला लावायची, आणि तिच्या श्वासाची वाफ धरून नेमका दातच दिसायचा नाही. कोर्टाच्या तारखाही तुरुंगातल्या पडद्यावरच व्हायच्या. चार वर्षांत हर्षलचा हात तिच्या केसांना लागला नव्हता.

तुरुंगाच्या भटारखान्यात त्याच्या शेजारी पुंजाबाबा चपात्या लाटायचा. जन्मठेपेचा कैदी. वर्षातून दोन रविवार तुरुंगात गळाभेट असे. कैद्यांची लेकरं, नातवंडं तासभर आत येत, मध्ये काच नसे. फक्त शिक्षा झालेल्यांसाठी. गेल्या खेपेला पुंजाबाबा परतला तो सदऱ्याच्या खांद्याकडे बघत. नात तिथे नाक पुसून गेली होती. आठ दिवस त्याने सदरा धुतला नाही. हर्षल त्या डागाकडे इतका वेळ बघत राहिला, की म्हातारा खेकसला.

"काय बघतो रं? तुला नाय मिळायची गळाभेट. तू अजून निर्दोष हायेस ना! आधी गुन्हेगार हो, मंग घे लेकीला जवळ."

भटारखाना हसला. हर्षल हसला नाही. तव्यावरची चपाती मात्र करपली.

पाच मिनिटं संपली. न्यायाधीशांनी कागद बाजूला ठेवला.

"कोणी दबाव आणलाय? मारहाण, धमकी?"

"नाय साहेब."

"कबूल केलंत तर शिक्षा लागेल. कळतंय?"

"कळतंय. फक्त एक विचारायचं होतं. शिक्षेचा कागद रविवारच्या आत तुरुंगात पोचेल ना?"

न्यायाधीशांनी खूण केली आणि स्टेनोने 'नाही' पुसलं.

पाच वर्षं सक्तमजुरी. भोगलेली चार वजा होऊन एक उरलं. निर्दोष राहण्यापेक्षा गुन्हेगार होण्यात सहा महिने वाचत होते.

बायकोला, मनीषाला, त्याने फोनवर एवढंच सांगितलं की रविवारी पोरीला घेऊन ये, आत सोडणार आहेत. परवानगी कशी मिळाली ते सांगितलं नाही. दसऱ्याच्या झेंडूची तोड ऐन भरात होती, तरी मनीषा आली. मोठ्या माणसांना दरवाजाबाहेरच थांबवलं होतं.

निकिता एकटीच आत आली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिली. दोन वेण्या, शाळेचे बूट. हर्षलने हात पुढे केले. ती शिपायाकडे वळली.

"काका, हात लावला तर चालतो?"

शिपाई दुसरीकडे बघत म्हणाला, "चालतो बाळा. आज चालतो."

मग ती आली. मांडीवर बसली. त्याला साडेतीन वर्षांच्या पोरीचं वजन आठवत होतं, ही चांगलीच जड होती. तिच्या वेण्यांना खोबरेल तेलाचा आणि झेंडूचा वास होता. त्याने वेणीत नाक खुपसलं, तिची बोटं एकेक करून पाहिली, पडलेल्या दाताच्या जागी आलेला नवा दात पाहिला. एक वर्ष काय, या तासासाठी आणखी पाच दिली असती. सौदा स्वस्तात पडला असं त्याला वाटलं.

निकिताने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड कानाशी आणलं.

"पप्पा, वर्गातली तेजू मला चोराची पोरगी म्हणते. मी तिला सांगितलंय, थांब जरा. माझ्या पप्पांनी काहीच केलं नाही, हे जजसाहेबच सगळ्यांना सांगणार आहेत."

त्याच्या हातांची मिठी किंचित सैल झाली. तिला ते कळलं नाही.

"पप्पा, आता पुढची तारीख कधी आहे?"