पंख्याची पिन
धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावाच्या पडक्या भिंती हातभर पाण्याखाली राहायच्या आणि कुंदनच्या नावेच्या इंजिनाचा पंखा त्यांच्यावर आदळायचा. म्हणून त्याची म्हातारी आई पार्बताबाई रोज पुढे बसून वाट दाखवायची. जुन्या गल्ल्या आठवणारी तीच उरली होती. कंबर धरायची, डोळे चुरचुरायचे, तरी यायची. “सरळ घे बाबू, इथं मोकळी गल्ली हाये,” ती म्हणाली आणि खणकन पंख्याची पिन तुटली. “झोपली होती काय वं माय?” म्हणत कुंदनने पाण्यात हात घातला. “गुरांची पाणी प्यायची दगडी डोणी हाताले लागून राहिली. काठाची कपची कवाची उडेल हाये. कोणाची होय?” नवऱ्याच्या पहारीने उडालेली ती कपची पार्बताबाई विसरली नव्हती. “आपल्याच दारातली,” ती म्हणाली. “उद्यापासून बांबू ठोकून खुणा कर बाप्पा. मले आता आपलं घरबी सापडत नाही.”