स्वयंपाकघरातली बिकोल

"साखर किती?" स्नेहलताबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"एकच चमचा," सोलेदादबाई म्हणाल्या.

दोघी विहिणी पहिल्यांदाच समोरासमोर बसत होत्या. सोलेदादबाई फिलिपिन्सहून लेकीकडे ओसाकाला आल्या होत्या, आणि आज एकट्याच नागोयाला, लेकीच्या सासरी. त्यांची लेक मारिसेल ओसाकातल्या नोकरीचं निमित्त करून गेली ती परतलीच नव्हती.

"आई, ती फक्त तिच्या आईचं ऐकते," नचिकेत ऑफिसला निघताना बजावून गेला होता. "तेव्हा जरा गोड बोल."

स्नेहलताबाईंना ही सूचना अनावश्यक वाटली. त्या आयुष्यभर गोडच बोलत आल्या होत्या.

"घर फार शांत झालंय हो," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

मारिसेल स्वयंपाक करायची तेव्हा बाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले का, कांदा फार जाड तर नाही ना, यावर प्रेमाने लक्ष ठेवायच्या. सुनेने कधी उलट उत्तर दिलं नाही. जपानी पद्धतीने "हाय, आई", म्हणजे 'हो, आई' म्हणायची, आणि मग पाठमोरी होऊन आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहायची. जणू ओट्यावर रेडिओ लावलाय. त्या आवाजात दुपार कशी सरायची, कळायचं नाही. आता स्टुलावर बसलं तर फ्रिज तेवढा ऐकू येई.

"तिने तुमच्याबद्दल एक शब्द वाईट काढला नाही," सोलेदादबाई म्हणाल्या. "मी खोदून खोदून विचारलं. 'आई चांगल्या आहेत' एवढंच म्हणते. मग घर कशासाठी सोडायचं? मी ठरवलंय, तिला परत पाठवते. या रविवारीच."

स्नेहलताबाईंनी आनंदाने बिस्किटं पुढे सरकवली. इथे त्या थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण पुण्यात जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईंना थांबायची सवय नव्हती.

"तुम्हाला गंमत सांगू? मी तुमची बिकोल भाषा शिकलेय!"

"काय सांगता!" सोलेदादबाई खुलल्या. "जपानमध्ये आमच्या देशाची टागालोग बोलणारे ढिगाने भेटतात. बिकोल कोण बोलतंय! कोणी शिकवली? मारिसेलने?"

"छे, ती कुठली शिकवतेय! नुसती ऐकून ऐकून उचलली." बाईंनी डब्याकडे बोट दाखवलं. "तांदूळ. लास्गास!"

सोलेदादबाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"शेजारच्यांचा कुत्रा, दमायो. मांजर, कुरास्माग." मग स्वतःच्या चष्म्यावर टिचकी मारत, "आणि डोळे म्हणजे मालसोक! हा शब्द तर मी स्टुलावर बसले की हमखास कानावर यायचा."

विहीणबाईंनी कप बशीत ठेवला. स्नेहलताबाईंनी चटकन सावरून घेतलं.

"तुमच्याकडे वेगळं म्हणतात का? मारिसेल सांगायची, बिकोल म्हणजे एक भाषा नव्हेच, अख्खं खटलं आहे. नागा शहराची वेगळी, इरिगाची वेगळी, डोंगर ओलांडला की तिसरीच. आमच्याकडे मालवणी, वऱ्हाडी असते तसं. माझी कुठली म्हणायची?"

"आमच्याच गावची. उच्चारसुद्धा हुबेहूब तिचा आहे."

"बघा!" बाई खूश झाल्या. "अजून कितीतरी येतात."

"नको." सोलेदादबाईंनी त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स उचलली. "आमच्याकडे या प्रत्येक वस्तूला दोन नावं असतात. एक रोजचं, आणि एक फक्त संतापलेल्या माणसाच्या तोंडात येणारं. स्नेहलताबाई, इतक्या वर्षांत रोजचं एकही तुमच्या कानावर पडलं नाही?"