सहाशे ग्रॅमची कानतपासणी

मुलांनो, तुमच्या वॉटरबॅगपेक्षा हलकं बाळ डोळ्यांपुढे आणा. मुलगी होती, फार लवकर जन्मलेली, सहाशे ग्रॅमची. चार महिने दवाखान्यात काढून अडीच किलोची झाली. इतक्या चिमुकल्या बाळांचे कान कधीकधी अधू राहतात, म्हणून घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी पाळण्याशी घंटा वाजवली. झोपलेली मुलगी ढिम्म. बाबांनी टाळ्या पिटल्या. आजोबांनी “अगं ए छकुले!” अशी हाळी देताच शेजारची तीन बाळं उठली. “पुरे हो! दुसऱ्यांची उठवलीत, आपली राहिली,” आजी म्हणाली. आईचे डोळे मात्र भरले. “हिला ऐकूच येत नाही का हो?” नर्सताई हसल्या. “जन्मल्यापासून ही ठोके मोजणाऱ्या या यंत्राच्या टिंगटिंगीत झोपते. तुमचा गोंधळ हिला अंगाईच!” त्यांनी यंत्र बंद केलं. खोली शांत झाली. मुलीने खाडकन डोळे उघडले आणि भोकाड पसरलं, ते यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत.