गाववाले

"मावशी, केमाल तुमच्या गावचा आहे. अगदी तुमच्याच गावचा!"

वीणाने एवढं सांगितलं आणि हौसेने टाळीच वाजवली. अमेरिकेत, फ्रेस्नोत कुणी साताऱ्याचं भेटलं तरी तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं, आणि इथे तर दोघांचं गाव एकच निघालं होतं. शेजारच्या अराक्सीमावशी आर्मेनियन, नवऱ्याच्या, श्रीरंगच्या ऑफिसातला केमाल तुर्की. पण नदीचं वळण तेच, काळ्या दगडांतला झरा तोच, गावाचं जुनं नावही तेच. दोघांनाही पत्ता लागू न देता तिने त्यांना जेवायला बोलावलं होतं.

मावशींनी कोटाचं सोडलेलं बटण पुन्हा लावलं. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. केमालने तोंडाला लावलेला ग्लास न पिताच खाली घेतला.

"काय करून बसलीस यार!" श्रीरंग मराठीत पुटपुटला. "मावशींच्या लोकांना तुर्कांनी साठ वर्षांपूर्वी तिथून हाकलून दिलं. निम्मं गाव वाटेतच मेलं."

"मला वाटलं, सरप्राइज..." वीणाचा चेहरा पडला. मावशी लहानपणी गाव सोडून आल्या, एवढंच तिला ठाऊक होतं. कणीक मळायची राहिली होती, ते निमित्त करून ती ओट्याकडे पळाली.

"तुमचे लोक कधी आले तिथे?" मावशींनी केमालला विचारलं.

"आजोबा आले, बाल्कनमधून. त्यांनाही तिकडून हाकललंच होतं. मग डोंगरातली माणसं आली. आता तरुण सगळे जर्मनीला. म्हातारेच उरलेत."

"आणि आजोबांच्या आधी?"

"आधी कुणी नव्हतं. गाव ओसाड होतं."

"ओसाड गावात तुती कुणी लावल्या? तुझ्या आजोबांनी पहिली रोटी भाजली ती भट्टी कुणाची होती?"

केमालचे कान लाल झाले. "शाळेत आम्हाला असंच शिकवलं."

"मला काही परत नको, पोरा. घर नको, झाड नको." मावशी पुढे झुकल्या. "आम्ही तिथे होतो, एवढंच एकदा म्हण."

केमालने श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग टेबलावरच्या मिठाकडे बघत बसला. कुणाची बाजू घ्यावी, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

"जे मी पाहिलं नाही, ते कसं म्हणू?" केमाल उठला. "मी निघतो."

"जेवल्याशिवाय कसे जाल?" वीणा कळवळून म्हणाली. "ही बघा, कणीक झालीच." बोलता बोलता सवयीने तिने गोळ्यावर चार बोटं रुतवली.

ग्लास ठेवायला ओट्याशी आलेला केमाल थबकला. "हे कशाला?"

"गोळा नुसता गुळगुळीत ठेवायचा नसतो. मेलेल्यांच्या नावाने पिंड ठेवतात, तसा दिसतो. आई करायची, म्हणून मीही करते."

"आमची आजीसुद्धा करायची!" विषय बदलला म्हणून केमालला हायसं वाटलं. "नाहीतर पीठ फुगत नाही म्हणे." त्याने तळहाताची कड कणकेवर दाबली. एकदा उभी, एकदा आडवी.

मावशींचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला.

"ही आजीसुद्धा बाल्कनची?"

"नाही, नाही. आजोबांचं लग्न इकडे आल्यावर झालं. आजी त्याच गावची..."

तो कणकेकडे बघत राहिला. हात मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

मावशींनी पर्स खाली ठेवली. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला.

"वीणा, वाढायला घे," त्या म्हणाल्या. "हा माझ्या गावचा आहे."