पहिला तांब्या

जगदीशरावांनी सवयीप्रमाणे ओट्यावरचा नळ सोडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. कॉलनीच्या पाण्याचं काम अंगावर आल्यापासून बारा वर्षं त्यांनी नमुने असेच घेतले होते, आणि एकही अहवाल कधी वाईट आला नव्हता.

आजचा नमुना मात्र स्वतःच्या घरचा होता. पाच वर्षांच्या नातीच्या, अवनीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. भिंतींचा रंग तपासून झाला, खेळणी झाली. उरलं होतं ते घरचं पाणी. बाटलीत तर ते चांगलं नितळ दिसत होतं.

"आबा, हटो ना, प्यास लगी है," कॉलनीतल्या मुलांच्या हिंदीत म्हणत अवनी मध्ये घुसली. त्यांच्या पत्नी विनयाताईंनी शेजारच्या तांब्यातून तिला पेला भरून दिला. "घे, ताजं आहे."

"हे कधी भरलंस?" जगदीशरावांनी विचारलं.

"रोजच्यासारखं, उठल्या उठल्या. नळाला कुणाचा हात लागायच्या आत पहिला तांब्या देवाला, उरलेलं अवनीला. तुमच्या आईंचीच शिस्त. आज काय नवीन?"

ते तांब्याकडे बघतच राहिले. कॉलनीतल्या जुन्या नळांचे सांधे शिशाचे. रात्रभर नळात साचून राहिलेलं पाणी ते सांधे खात बसतं आणि शिसं त्यात उतरतं. नेमकं तेच पाणी ते बारा वर्षं मोरीत सोडून देत होते आणि मागून आलेलं चांगलं पाणी तपासायला पाठवत होते. जंतूंसाठी ठीक होती ती रीत, शिशासाठी नव्हे. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? त्यांना स्वतःचीच चीड आली.

त्यांनी अवनीच्या हातातून पेला काढून घेतला आणि तांब्यातलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं. विनयाताईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे रोज मीच तिला..."

"तू नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ऑफिसातल्या मदतनिसाला, हरिहरला फोन लावला.

"हरिहर, आज ही सबको कहलवा दो, सुबह का पहला पानी कोई न पिए. और कल हर घर से सैंपल लेना है. नल चलाकर नहीं, वही पहला पानी."

"पर सर, अपनी तो सारी रिपोर्टें साफ़ हैं."

"मालूम है. दस्तखत मेरे हैं."