इथंच होतं पॅलेस हॉटेल

सुरूच्या बनापाशी इंदुमतीबाई पुन्हा मागे वळल्या. "इथंच होतं रे पॅलेस हॉटेल! संध्याकाळी बँड वाजायचा. तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा 'इंदू' म्हटलं ते इथंच."

समोर नुसती वाळू आणि समुद्र. गावातही कुणाला हॉटेल आठवत नव्हतं.

"दुसरं गाव असेल, आई. हल्ली तुझं असंच होतं," श्रीरंग समजुतीनं म्हणाला.

इंदुमतीबाईंनी समुद्राकडे पाहिलं. हे खोटं, तर बाकीच्या आठवणींचं काय? त्या तरातरा ओहोटीच्या पाण्याकडे निघाल्या. त्यांना धरायला धावलेला श्रीरंग मध्येच ठेचकाळला. त्यानं हातानं वाळू बाजूला केली. खाली संगमरवरी पायऱ्या होत्या, थेट पाण्यात उतरत गेलेल्या.

तो उठला. आईचा हात त्यानं घट्ट धरला.

"सावकाश उतर. मला सगळं दाखव."