मोराच्या काठाचा कोट

म्युझियममधला काचेआडचा कोट पाहताच सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुतळ्याच्या अंगावर लांब रेशमी कोट होता, पूर्वीच्या गोऱ्या बायका गाउनवर घालत तसा. पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं, पेलीस, १८१५. आणि कोटाच्या घेरावर चक्क पैठणीचे मोर होते.

"पैठणी कापली मेल्यांनी," ती म्हणाली.

लेक अन्वी काचेजवळ सरकली. "मम, आजीकडे सेम असा साडी होता. मी लहान असताना बघितला."

"आजीच्या सगळ्या सुती होत्या. उगाच काहीतरी."

आजी जाऊन दोन वर्षं झाली, तरी अन्वीचं एकच पालुपद होतं: आजीची आठवण म्हणून घरात काहीच कसं नाही? सुचेता दर वेळी विषय बदलायची.

मिल्टन कीन्सला घरी परतताना नवरा रवी गाडी चालवत होता आणि सुचेता धुमसत होती. कुणा लेकीसुनेच्या अंगावरची ओरबाडून आणली असेल. दोनशे वर्षं झाली की चोरी पचते होय? मराठी मंडळाच्या गणपतीत तिने दीडशे सह्या गोळा केल्या. त्या साडीच्या मालकिणीची जाहीर माफी मागा, एवढीच मागणी होती.

म्युझियमने तिला बोलावून घेतलं. सोबत अन्वीही गेली. कपड्यांचा विभाग सांभाळणाऱ्या साराने कोट टेबलावर पसरला. सुचेताने काठावरची बारीक भोकांची रांग दाखवली.

"ही फॉलची शिवण. काठ झिजू नये म्हणून आम्ही साडीला आतून पट्टी लावतो. कुणीतरी जीव लावून जपलेली साडी आहे ही. नको त्या हातात पडली."

साराने आधी माफी मागितली. पाटीची खालची ओळ फारच बारीक छापली गेली होती. कोट जुना नव्हता, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये गेल्या वर्षी शिवलेली नक्कल होती. साडी वेम्बलीच्या चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दानात आलेल्या वस्तूंच्या दुकानातून, आणली होती, एका न उघडलेल्या बॅगेत सापडलेली. मालकीण कोण, हे त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. बॅगेवर चिकटवलेली चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, पण ती कुणालाच वाचता येत नव्हती.

तिने चिठ्ठी पुढे केली. अन्वीला मराठी वाचता येत नव्हतं.

"मम, काय लिहिलंय?"

सुचेताने स्वतःचंच अक्षर ओळखलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'रवी, आईंची बॅग. उघडत बसू नकोस. अन्वी शाळेतून यायच्या आत देऊन टाक.'